ओढ्यातली लिंबं

महिन्याच्या पहिल्या बुधवारी मी अंबरनाथच्या मंडईत तीन लिंबं घेते. पिकलेली, पिवळीधम्मक आणि शक्यतो एका मापाची. लिंबूवाली आता मला ओळखते. "ताई, दर महिन्याला नवी गाडी घेता काय हो?" असं विचारते आणि स्वतःच खदाखदा हसते. पहिल्यांदा मी तिला खरं सांगितलं होतं, की मला ओढा मोजायचाय. त्यावर तिने शेजारच्या कोथिंबीरवालीकडे असं काही बघितलं, की तेव्हापासून मी "हो, गाडी घेतली" एवढंच म्हणते आणि पुढे होते.

मी पाण्याचे नमुने घेणारी बाई आहे. राहायला बदलापुरात, कात्रपला, नोकरी अंबरनाथच्या एका खाजगी प्रयोगशाळेत. कारखान्यांना आपल्या आसपासच्या ओढ्यानाल्यांचं पाणी तपासून अहवाल द्यावा लागतो, ते काम आमच्याकडे येतं. पाणी किती वाहतंय आणि कसं आहे, एवढे दोनच प्रश्न. पण त्या दोन प्रश्नांपायी माझ्या टाचांच्या भेगा कायमच्या काळ्या पडल्यात.

लिंबांचं शिक्षण मात्र इकडचं नाही, विदर्भात वणीकडचं. लग्नाआधी दोन वर्षं मी तिकडे एका भूमिगत कोळसा खाणीवर कामाला होते. खाण जमिनीखाली आणि तिच्या डोक्यावरून एक ओढा वाहायचा. खाली कोळसा काढला की वरची जमीन हळूहळू खचते, तिला भेगा जातात आणि ओढ्याचं पाणी गुपचूप खाली उतरतं. मग ते पंपाने उपसून दुसरीकडे सोडतात, तेव्हा त्याला वेगळाच रंग आणि वेगळीच चव आलेली असते. म्हणून ओढा दर आठवड्याला मोजायचा. ओढ्यावर आडव्या, दहा मीटरच्या अंतराने दोन दोऱ्या ताणायच्या, वरच्या दोरीपाशी पाण्यात संत्रं सोडायचं आणि खालच्या दोरीपर्यंत यायला त्याला किती सेकंद लागतात ते बघायचं. संत्रंच का, तर ते पाण्यात बरंचसं बुडून तरंगतं, वाऱ्याने भरकटत नाही. शिवाय तिकडे संत्र्यांना काय तोटा! मोजून झालं की आम्ही ती खाऊनही टाकायचो.

तिथे मला शिकवणारे एक काका होते, निवृत्तीला आलेले. ते म्हणायचे, "पोरी, कागदात सांगितलंय तिथे तर मोजच. पण तुला जिथे शंका येईल तिथेही मोज. पहिलं साहेबासाठी, दुसरं आपल्यासाठी." एकदा वरच्या जागेपेक्षा खालच्या जागी पाणी कमी भरलं. मधे कुणाचं शेत नाही, पंप नाही. काका कपाळाला हात लावून म्हणाले, "पीत बसली खाण." पुढे पंधरा दिवसांत जवळच्या वस्तीतल्या विहिरींचे तळ दिसले.

माझं हे आपल्यासाठी मोजण्याचं खूळ तिथलं. ते अंगात भिनलं नसतं तर आज मी सुखात असते.

इकडे बदलापुरात संत्री परवडत नाहीत, म्हणून लिंबं. पाण्याचा वेग मोजायचं यंत्र प्रयोगशाळेत आहे, पण त्याचा पंखा मोडलाय आणि आमचे साहेब गेली कित्येक वर्षं "बघू" म्हणतायत. लिंबू तेच काम करतं आणि त्याची बॅटरी उतरत नाही.

मी आता मोजते तो ओढा बदलापूरजवळ, शिरगावच्याही आत, एका गावाच्या अंगाला आहे. गावातले लोक त्याला वहाळ म्हणतात. वरच्या अंगाला एक कारखाना, मग एक छोटा दगडी पूल आणि पुलाच्या खाली शे-दीडशे पावलांवर धुण्याचे खडक. आमच्या कागदावर नमुना घ्यायची जागा पूल. पहिला बुधवार, अकरा ते बारा. कारखान्याला तारीख माहीत, वेळ माहीत, आमच्या गाडीचा नंबरसुद्धा माहीत. गाडी चालवणारे उल्हासनगरच्या कॅम्पातले, पन्नाशी उलटलेले सिंधी गृहस्थ. त्यांना मी भाऊ म्हणते, ते मला मॅडम म्हणतात, आणि दिवसातून दहा वेळा तरी म्हणतात, "मॅडम, अपने को क्या करनेका है? बोतल भरो, चलो."

गेल्या दिवाळीनंतरच्या बुधवारी पुलापाशी मोजून झालं, पाणी ठीक होतं. सहज म्हणून मी खाली खडकांपाशीही दोऱ्या ताणल्या आणि लिंबू सोडलं. हिशेब केला तर पाणी पुलापेक्षा जास्त! थंडीचे दिवस, पावसाचा पत्ता नाही, मग हे वरकड पाणी आलं कुठून? खाणीवर ओढा मधेच आटायचा, इथे मधेच फुगत होता. मी काठाकाठाने वर चालत गेले आणि पुलाच्या जरा खाली बेशरमीच्या झुडपांत हात घातला. आत एक चर होता, कारखान्याच्या कुंपणाकडून आलेला. कोमट पाणी, वर साबणासारखा फेस, आणि वास असा की भाऊ पुलावरून ओरडले, "मॅडम, क्या खोल दिया?"

पाण्यात प्राणवायू आहे की नाही हे जागेवरच बघायची आमची एक युक्ती असते. काचेच्या बाटलीत पाणी भरायचं, त्यात दोन औषधं थेंबाथेंबाने सोडायची, बूच लावून बाटली उलटीसुलटी करायची. प्राणवायू असला तर पाण्यात तपकिरी साका तयार होतो. नसला तर पांढरा. पुलाची बाटली छान तपकिरी झाली. खडकांची झाली पांढरीशुभ्र, दुधासारखी. म्हणजे तिथे मासा जगणार नाही. आणि त्याच खडकांवर चार बाया धुणं आपटत होत्या, दोन म्हशी डुंबत होत्या आणि एक म्हातारी गुडघाभर पाण्यात उभी राहून मुळे धूत होती.

साहेबांना सांगितलं. ते नेहमीप्रमाणे छताच्या पंख्याकडे बघत म्हणाले, "मॅडम, पॉइंट कोण देतं? पार्टी देते. आपलं काम पुलापर्यंत."

"सर, पण बाया तिथे धुणं धुतात. भाजी धुतात."

"मग लेखी पाठवू या पार्टीला, पॉइंट वाढवा म्हणून." पाठवलं. उत्तर आलं नाही, येणारही नव्हतं. दुसऱ्यांदा विचारलं तर साहेबांनी माझी जुनी फाइल काढून समोर ठेवली. नोकरीला लागताना मी सही केलेला कागद त्यात होता: तपासणीतलं काहीही बाहेरच्या माणसाला सांगायचं नाही. "तुमच्या घरचं मला माहितीये," ते म्हणाले, अगदी मऊ आवाजात. माझ्या नवऱ्याची कंपनी दोन वर्षांपूर्वी बंद पडली, तेव्हापासून घर माझ्या पगारावर चालतं. त्या मऊ आवाजाचा मला जितका राग आला तितका कोणी आईवरून शिवी दिली असती तरी आला नसता. पण मी "बरं सर" म्हणाले आणि पुलाच्या अहवालावर सही केली. खोटं काहीच नव्हतं त्यात. पुलापाशी पाणी चांगलंच होतं.

त्या म्हातारीशी माझी ओळख आधीपासूनची. ओढ्याच्या काठावर तिची एकटीची झोपडी, मागे चार वाफे: मुळा, माठ, मेथी. सकाळी धुऊन टोपलीत भरायची आणि बदलापूरला विकायला न्यायची. दर महिन्याला मला हाक मारायची, "आली गो बाय? ने ना मुला." त्यांच्या बोलीत ळ नाही. मी दर वेळी काहीतरी थाप मारायचे. आज पित्त आहे, आज उपास आहे, आज गाडीत जागा नाही. ती म्हणायची, "तुजा उपास संपत नाय कदी." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा धीर करून मी म्हटलं, "मावशी, मुळे वर पुलापाशी धुवा की, तिथलं पाणी बरं आहे."

"पुलाखाली खडक नाय, उभं कुठं रायचं? आन पानी एकच ना गो." धुणं आपटणाऱ्या बाया हसल्या. विषय संपला.

पुढच्या महिन्यात गेले तर खडक रिकामे. एक बाई नाही, एक म्हैस नाही. मला वाटलं गावात कुणी गेलं असेल. भाऊ टपरीवर चहा प्यायला गेले ते पोट धरून हसत आले. "मॅडम, आप तो जादूगरनी निकली! गाववाले बोलतायत, वहाळात कोण तरी लिंबू सोडतंय. करणी केलीय. चार दिवस झाले, कोणी पाण्यात पाय घालत नाही."

आधी मलाही हसू आलं. मी लिंबं मोजून परत उचलते, पण मागच्या खेपेला खडकांपाशी सोडलेलं एक माझ्या हातून निसटून खाली गेलं होतं, ते कुणाला तरी कपारीत अडकलेलं सापडलं. आणि मग हसता हसता माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अरेच्चा! जे मला तोंडाने सांगता येत नव्हतं ते लिंबाने सांगून टाकलं की! एका लिंबाने चार दिवस बाया पाण्याबाहेर राहिल्या. मी कुणालाही काही सांगितलं नव्हतं आणि कागदावरची सही जिथल्या तिथे होती.

आता जे सांगते त्याची मला लाज वाटते, पण सांगते. त्या दिवशी परत निघायच्या आधी मी पर्समधली कुंकवाची डबी काढली. तीनांतली दोन लिंबं अर्धी चिरली, कुंकू भरलं आणि खडकांवर, अगदी धुणं ठेवायच्या जागी, नीट मांडून ठेवली. मी, रसायनशास्त्राची पदवीधर बाई! घरी मुलाला मांजर आडवं गेलं तरी थांबू न देणारी! भाऊंनी बघितलं. पहिल्यांदाच ते "अपने को क्या" म्हणाले नाहीत. "मॅडम, ये ठीक नहीं है," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "तुम्ही गाडी काढा."

महिनाभर मी खुशीत होते. भांडी घासताना गुणगुणत होते म्हणा ना. नवऱ्याने विचारलंही, "काय, पगार वाढला काय?"

पुढच्या महिन्याच्या बुधवारी पुलावर उतरले आणि आधी खडक बघितले. रिकामे. वा! मग नजर झोपडीकडे गेली. कुंपणाच्या काट्या उपटून फेकलेल्या. वाफ्यात मुळे तसेच उभे, पाला पिवळा पडलेला, काहींना फुलं आलेली. मुळ्याला फूल येईपर्यंत ही बाई थांबणारी नव्हे. मी दोऱ्या तिथेच टाकल्या आणि गेले. म्हातारी दाराशी बसून एका जुन्या साडीत भांडी बांधत होती.

"मना भुताली बोलतान गो," ती म्हणाली. मान वर न करता.

भुताळी म्हणजे चेटकीण. गावच्या भगताने सांगितलं होतं म्हणे, की करणी करणारी पाण्याच्या जवळच राहते. पाण्याच्या जवळ राहणारं एकच घर. गावातल्या एका पोराला ताप आला तो हिच्यामुळे, एक म्हैस गाभडली ती हिच्यामुळे. तिच्या हातचं कुणी काही घेईना. बदलापूरच्या बाजारातही गावच्याच बाया शेजारी बसतात, त्यांनी गिऱ्हाइकांना सांगितलं. महिनाभर तिची एक जुडी विकली गेली नव्हती. आणि आज चार वाजता देवळासमोर गाव बसणार होतं, तिने गाव सोडायचं की नाही ते ठरवायला. ठरवायचं काय, ठरलंच होतं. म्हणून ती भांडी बांधत होती.

"कुठे जाल मावशी?"

"मना काय ठावं. भाव व्हता, तो मेला."

मी खाली बसले. तिला वाटलं मला ऊन लागलं. तिने बांधलेल्या गाठोड्यातून पातेलं परत काढलं, चूल पेटवली आणि मला कोरा चहा करून दिला. मी पिईपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत राहिली. कप खाली ठेवला तर म्हणाली, "महिन्यात पयल्यांदा कुनी माज्या हातचं घेतलं."

मी बाहेर येऊन ओढ्याच्या काठावर उभी राहिले. काय करणार होते? गप्प राहिले तर तिला गावाबाहेर काढतील. लिंबं माझी म्हणून सांगितलं तर बाया उद्या सकाळी त्या पाण्यात उतरतील. आणि पाण्यात का उतरू नका म्हणते ते सांगितलं तर माझी नोकरी जाईल. तिन्ही दारं मीच बांधलेली आणि तिन्हींना कड्या मीच घातलेल्या. आपल्या हुशारीचा मला त्या दिवसाइतका संताप कधी आला नाही.

भाऊ घड्याळ बघत होते. आम्हाला दोन वाजता बेलवलीला दुसरं काम होतं. मी म्हटलं, "भाऊ, मी चारपर्यंत इथून हलणार नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग झोपडीकडे. मोबाइल काढून साहेबांना फोन लावला आणि मख्ख चेहऱ्याने म्हणाले, "साहेब, रेडिएटर गेला. मेकॅनिक बुलाया है. टाइम लगेगा." आणि गाडीतून आपला डबा आणून अर्धा माझ्यापुढे ठेवला.

चार वाजता देवळासमोर पन्नासेक माणसं होती. बाया एका कडेला, डोईवर पदर घेऊन. म्हातारी लांब, गाठोड्यावर बसलेली. मी कोणाची परवानगी न घेता मधे गेले आणि बोलले, "लिंबं माझी आहेत."

मग सगळे एकदम बोलायला लागले. मी म्हटलं, "ओरडू नका, चला माझ्याबरोबर, दाखवते." सगळं गाव पुलाकडे निघालं. मी दोऱ्या ताणल्या, एका पुढारी दिसणाऱ्या माणसाच्या हातात स्टॉपवॉच दिलं आणि लिंबू सोडलं. "आता बटण दाबा... आता परत दाबा. किती?" त्याने आकडा वाचला. पुन्हा सोडलं, पुन्हा तोच आकडा. मी म्हटलं, "ही पाण्याची चाल. एवढंच काम आहे लिंबाचं." पहिल्यांदा एक बाई हसली, मग दुसरी, मग तर हशाच पिकला. कोणी तरी म्हणालं, "अरे, आपन काय येडे का काय!" म्हातारी काठावर उभी राहून लिंबाकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मला वाटलं, सुटलो. दोघीही सुटलो.

तेवढ्यात एक तरणी सून पुढे आली. तिच्याच पोराला ताप आला होता. "ते समजलं ताई. मग खडकावरच्या लिंबांना कुंकू कशाला लावलंत?"

तिच्यापुढे थाप मारायची माझ्यात हिंमत उरली नव्हती. मी म्हटलं, "तुम्ही पाण्यात उतरू नये म्हणून. खडकापाशी पाणी खराब आहे. वाईट आहे." बोलून गेले. नोकरीची काय वाट लागायची ती लागो, असं त्या क्षणी खरंच वाटलं.

पुढारी माणूस कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "थांबा." पंचायतीत कुणाला तरी पिटाळलं. तो माणूस फळ्यावर लावलेला कागदच उपटून घेऊन आला. आमचा अहवाल. कारखान्याने गावाला प्रत दिली होती, दर महिन्याला देतात म्हणे. सगळे आकडे मर्यादेत. खाली सही.

"ही कुनाची सही?"

"माझी."

"मग खरं काय, हे का तुमचं तोंड?"

मी पूल आणि खडक समजावून सांगायला लागले. चर दाखवायला गेले, तर झुडपांत चर कोरडा ठाक. बुधवार होता ना! आमच्या बुधवारी ते आता तेवढीही हयगय करत नव्हते. चिखलाला वास होता, पण चिखलाला असतोच. मग मी शेवटचा डाव टाकला. आइसबॉक्समधून बाटल्या काढल्या, एकीत पुलाचं पाणी भरलं, एकीत खडकाखालच्या डबक्यातलं साचलेलं, आणि सगळ्यांच्या समोर औषधं सोडली. एक तपकिरी झाली, एक पांढरी. सगळे वाकून बघायला लागले. मी धापा टाकत म्हटलं, "बघा! बघा फरक!"

"यातलं चांगलं कनचं?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"हे, तपकिरी."

मग तो म्हातारा अगदी समजुतीने म्हणाला, "बाय, गढूल ते चांगलं, आन दुदासारखं ते वाईट?" आणि परत हशा. या वेळी तो मला लागला. त्या सगळ्यांत मी एकटी, दोन हातांत दोन बाटल्या, आणि त्यांचं काहीही चुकत नव्हतं. माझ्या आजीनेही तेच विचारलं असतं. भाऊ हळूच म्हणाले, "मॅडम, चलो अब."

आणि तेव्हा म्हातारी वाफ्याकडून आली. तिच्या हातात एक मुळा होता. फूल न आलेला, कोवळा असा शोधून उपटलेला. लुगडं खोचून ती खडकावरून गुडघाभर पाण्यात उतरली, महिन्याभरात पहिल्यांदाच, आणि तो मुळा चांगला चोळचोळून धुतला. पाला झटकला. वर आली आणि माझ्यापुढे धरला.

"आज उपास नाय ना गो?"

सगळं गाव बघत होतं. त्या बाया बघत होत्या, ज्यांनी महिनाभर तिच्या हातचं काही घेतलं नव्हतं. मी नाही म्हटलं असतं तर त्यांना एवढंच दिसलं असतं, की लिंबं टाकणारी शिकलेली बाईसुद्धा हिच्या हातचं खात नाही. माझ्या पाण्याच्या गोष्टी कुणाला आठवल्या नसत्या. तिचं गाठोडं अजून देवळासमोर पडलं होतं. त्या मुळ्याच्या टोकावरून पाणी माझ्या चपलेवर ठिबकत होतं आणि ते कसलं पाणी आहे हे त्या पन्नास माणसांत मला एकटीला ठाऊक होतं.

मी मुळा घेतला आणि खाल्ला. उभ्या उभ्या, सगळा, पाल्यापर्यंत.

तिखट होता. चांगला होता. म्हातारी तोंडावर पदर धरून हसायला लागली. तरण्या सुनेने जाऊन देवळापुढचं गाठोडं उचललं आणि झोपडीत नेऊन ठेवलं. एका बाईने म्हटलं, "चला गो, महिन्याचं धुनं साचलंय." आणि आम्ही गाडी वळवून पुलावर येईपर्यंत पाच-सहा जणी खडकांवर उतरल्यासुद्धा होत्या. एकीच्या काखेत ते तापातून उठलेलं पोर होतं.

माझी नोकरी काही गेली नाही. कोणी तक्रारच केली नाही, करण्यासारखं घडलं तरी काय होतं? मी पॉइंट वाढवा म्हणून साहेबांना तीनदा लिहून दिलंय. वरच्या सरकारी कचेरीत निनावी अर्जही टाकलाय. साहेब "बघू" म्हणतात. कचेरी तेवढंही म्हणत नाही.

लिंबू सोडलं की आता गावातली पोरं टाळ्या वाजवून सेकंद मोजतात. आणि माझी गाडी पुलावर थांबली, की म्हातारी वाफ्यातून एक मुळा उपटते आणि धुवायला खडकाकडे जाते. मी नको म्हणत नाही. गेल्या बुधवारी तिने दोन आणले होते, एक भाऊंसाठी. भाऊंनी माझ्याकडे बघितलं, आणि मी मान खाली घालून माझा खात राहिले.